पाटीवरचा हुद्दा

सकाळी आठच्या सुमाराला अश्वजितची गाडी अंगणात येऊन थांबली, तेव्हा सुकेशनी ओसरीवर बसून झेंडूच्या पाकळ्या सोडवत होती. बाबांना जाऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. आसेगावच्या विहारासमोर मांडव पडला होता, भंते अकरा वाजता यायचे होते, आणि मागच्या अंगणात अश्वजितची बायको पौर्णिमा शेजारच्या दोघीतिघींना हाताशी घेऊन वांगी चिरत होती. अश्वजितनं गाडीची डिकी उघडली. गोणपाटात गुंडाळलेली संगमरवरी पाटी त्यानं आणि चंद्रभानकाकांनी मिळून उचलली, ओसरीच्या भिंतीला टेकवली आणि वरची सुतळी सोडली.

काळ्या कोरीव अक्षरांत लिहिलेलं होतं: सुभेदार ग्यानबा मनवर अभ्यासिका.

सुकेशनीनं ते दोनदा वाचलं. मग हातातली पाकळ्यांची परडी बाजूला ठेवली आणि भावाला विचारलं, "परवा मी फोनवर काय सांगतलं होतं तुले?"

अश्वजितनं ऐकलं न ऐकल्यासारखं करून गोणपाटाची घडी घातली. परवा तिनं त्याला सांगितलं होतं ते असं. बॅनरसाठी बाबांचा वर्दीतला फोटो पाहिजे होता म्हणून तिनं त्यांची लोखंडी पेटी उघडली. फोटोच्या खाली कापडात बांधलेलं त्यांचं सैन्यातलं डिस्चार्ज बुक सापडलं. त्यावर हुद्द्याच्या पुढे 'नाईक' लिहिलेलं होतं. नाईक म्हणजे बाहीवर दोन फिती. त्याच्या वर हवालदार, त्याच्या वर नायब सुभेदार आणि मग कुठे सुभेदार. चव्वेचाळीस वर्षं अख्खं आसेगाव ज्या माणसाला सुभेदार म्हणत आलं, तो माणूस कागदोपत्री सुभेदार नव्हताच. तिला ते वाचून आधी घाम फुटला होता. मंगरूळपीरच्या शाळेत तिनं अठ्ठावीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि प्रत्येक सव्वीस जानेवारीला 'माझे वडील सुभेदार होते' असं सांगूनच तिच्या भाषणाची सुरुवात झालेली होती.

"पाटी आधीच कोरून झाली होती," अश्वजित म्हणाला.

"खोटं नको बोलू. कारागिराले मी फोन केला होता. तो म्हणे, काल दुपारी अक्षरं काढली."

अश्वजित वाशीमला एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक होता. कागद बघणं हेच त्याचं काम. मायच्या पेन्शनचे कागद त्यानंच केले होते, हे सुकेशनीच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. तिनं विचारलं, तुला आधीपासून माहीत होतं का. तो म्हणाला, हो, वर्षभरापासून. मग काहून लिहिलं, असं तिनं विचारल्यावर तो तिच्याकडे वळला, आणि आवाज खाली ठेवूनच म्हणाला, "ताई, साऱ्या गावाच्या समोर आज बाबाले तीन पायऱ्या खाली उतरवू काय? तुले बरं वाटन का?"

ओसरीच्या कोपऱ्यात त्यांची माय, लिलाबाई, भिंतीला पाठ लावून बसली होती. पांढरं नेसलेली, बाहत्तर वर्षांची, हाडापेरानं मजबूत बाई. दोघंही तिच्याकडे बघायला लागले, पण तिची नजर पाटीवरच होती. चंद्रभानकाका, बाबांचे धाकटे भाऊ, विड्याचं पान काढायला म्हणून खिसे चाचपत अंगणाच्या टोकाला निघून गेले.

सुकेशनी उठून मागच्या अंगणात गेली. तिथं पौर्णिमा होती. नणंद-भावजयींचं पहिल्यापासून जमत असे, आणि या प्रकरणात ती आपल्याच बाजूला येईल याची सुकेशनीला खात्री होती. पौर्णिमानं सगळं ऐकून घेतलं, विळी बाजूला केली, आणि म्हणाली की खरं तर तिनंही त्याला हेच सांगितलं होतं, दोन वेळा. पण मग तिनं हात पुसत पुसत आणखी एक गोष्ट सांगितली, जी सुकेशनीला माहीत नव्हती.

एक्याऐंशी साली बाबा सैन्यातून परत आले आणि वर्षभरात मंगरूळपीरच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागले. अश्वजित पुढे त्याच शाळेत पाचवीत गेला. सुकेशनी तोवर मुलींच्या शाळेत होती, तिला त्यातलं काही बघावं लागलं नाही. अश्वजितला मात्र पाच वर्षं रोज बघावं लागलं. बाबा घंटा द्यायचे, मास्तरांना पाणी न्यायचे, मुतारी धुऊन काढायचे. पोरं त्याला शिपायाचा पोरगा म्हणायची. एकदा वर्गातल्या एकानं बाबांना 'ए शिपाई, डस्टर आण' असं म्हटलं, आणि बाबांनी शांतपणे डस्टर आणून दिलं. त्या दिवशी अश्वजित घरी येताना रस्ताभर रडला होता. एसटीतून उतरल्यावर गावातले लोक "काय सुभेदार, आले का?" असं म्हणत बाबांना जागा करून द्यायचे, तेवढ्यावर त्यानं ती पाच वर्षं काढली.

"लग्नानंतर दोन वर्षांनं सांगतलं मले त्यायनं हे," पौर्णिमा म्हणाली. "तुमाले नसन सांगतलं. म्हून म्हनते ताई, खरं तुमचं हाये. पन जरा सबुरीनं घ्या."

सुकेशनी तिथंच चुलीजवळच्या पाटावर बसली.

तिला बाबांची कधीच लाज वाटली नव्हती. तिच्या आठवणीतले बाबा वेगळे होते. पहाटे चारला उठून, चहा करून, परीक्षेच्या दिवसांत तिच्यासमोर नुसते बसून राहणारे. अभ्यासाचं एक अक्षर विचारायचे नाहीत. कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण लावत बसायचे, म्हणजे आपण जागे आहोत हे पोरीला दिसावं. ते तिच्या वेण्या घालायचे, आणि इतक्या घट्ट घालायचे की दिवसभर डोळे ताणल्यासारखे वाटायचे. पण संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही. तांब्यात निखारे घालून ते सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करायचे, मायच्या लुगड्यालासुद्धा. आठवडी बाजाराला जाताना मायच्या पुढे कधी चालले नाहीत. बरोबरीनं चालायचे, पिशवी स्वतःकडे घ्यायचे. गाव हसायचं. ते म्हणायचे, पलटणीत जोडीदाराला मागं सोडून चालत नाहीत.

मायला त्यांनीच वाचायला शिकवलं. माय चाळीशीला आलेली होती तेव्हा. रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर पाटी घेऊन दोघं बसायचे, आणि माय चुकली की ते तिला रागवण्याऐवजी स्वतःच कान पकडायचे, म्हणायचे, मास्तर कच्चा हाये. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या पोरापोरींना भरतीसाठी तयार करायला घेतलं. सत्तरी ओलांडली तरी मंगरूळपीरच्या रस्त्यावर पहाटे शिट्टी तोंडात धरून उभे असत. त्यांनी तयार केलेली अकरा पोरं पोलिसात आणि सैन्यात लागली, दोन मुली त्यांत. त्या पोरांना अभ्यासाला बसायला जागा पाहिजे म्हणून रस्त्याकडेच्या जुन्या गोठ्याची खोली करायचं त्यांनीच ठरवलं होतं. पत्रे आणून ठेवले, आणि गेले. ती खोली अश्वजितनं पुरी केली. रंग दिला, खुर्च्या आणल्या, सहा महिने दर रविवारी वाशीमहून येऊन उभा राहिला. हे सगळं सुकेशनीला मान्य होतं. भाऊ वाईट नव्हता. तरीही त्या खोलीत बसून जी पोरं देशाची शपथ घ्यायला निघणार, त्यांच्या डोक्यावर खोटा हुद्दा लावायचा, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

आणि त्यातून गोविंदसिंग येणार होते.

गोविंदसिंग राठोड हे बाबांचे पलटणीतले सोबती. कारंजा तालुक्यातल्या धनजजवळच्या तांड्याचे. सागरच्या लष्करी सेंटरमध्ये दोघांनी बरोबर रंगरूटी केली, एकाहत्तरच्या लढाईत बरोबर होते. पुढे गोविंदसिंग हवालदार होऊन निवृत्त झाले. वर्षातून एकदा ते बाबांना भेटायला यायचे किंवा बाबा त्यांच्याकडे जायचे. गेल्या वर्षी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, त्यामुळे बाबांच्या शेवटच्या दर्शनाला येऊ शकले नाहीत. म्हणून आज काही झालं तरी येतो असा त्यांनी निरोप धाडला होता.

ते साडेनवाच्या एसटीनं आले. सुकेशनी ओसरीवर परत आली तेव्हा ते पायरीवर बूट काढत होते. काळे, चकचकीत, लेसवाले बूट. अंगात कोट, छातीवर पदकांची फीत. त्यांनी लिलाबाईला हात जोडले, "जयभीम, भाभी," म्हणाले. अश्वजितनं खुर्ची पुढे केली, पौर्णिमानं पाणी आणलं. पाणी पिता पिता त्यांची नजर भिंतीकडे गेली. पाटीवर गोणपाट टाकायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला आणि जवळ जाऊन, शाळेतल्या मुलानं वाचावं तसं एकेका अक्षरावर थांबत वाचलं.

"नाव ग्यानबाचं हाये," ते म्हणाले. "हुद्दा कोनाचा हाये हा?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. खरोखरच त्यांना कळत नव्हतं, म्हणून विचारलं होतं. पण अश्वजितचा चेहरा पांढरा पडला. सुकेशनीला सकाळपासून वाटत होतं की कुणीतरी असं विचारावं. प्रत्यक्षात विचारल्यावर तिला भावाचीच दया आली, आणि ती सावरून घ्यायला म्हणून काहीतरी बोलणार, तेवढ्यात अंगणाच्या टोकाहून चंद्रभानकाका आले. ओसरीची पायरी चढले आणि पाटीसमोर खाली, जमिनीवरच बसले.

"माहा हाये," ते म्हणाले. "म्हंजे म्या देल्लेला हाये. या पोराले कायले बोलता?"

काका सत्तरीचे होते. तरुणपणी गावातले पहिले मॅट्रिक पास. ते एरवी बोलायला लागले की हसवायचे. आज त्यांनी नजर पाटीवरच ठेवली. त्यांनी सांगितलं की दादा एक्याऐंशीला कायमचा घरी आला, त्या दिवशी ते एसटी थांब्यावर घ्यायला गेले होते. तिथं बसलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, हा कोण. काकांच्या तोंडून निघालं, सुभेदार हाये माहा भाऊ. दादानं घरी येताना सांगितलं, नाईक म्हन. काकांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पारावर सांगितलं, तिसऱ्या दिवशी गिरणीवर सांगितलं. महिन्याभरात गाव म्हणायला लागलं. दादानं दोन-तीन वेळा लोकांना दुरुस्त केलं, मग एकदा काकांच्या तोंडाकडे बघितलं, आणि तेव्हापासून दुरुस्त करायचं सोडून दिलं.

"पन कायले, काका?" सुकेशनीनं विचारलं.

काका लिलाबाईकडे बघायला लागले. लिलाबाई जागेवरून हलली नाही. पण तिनं पदर नीट केला, आणि इतक्या वर्षांत पोरांनी तिचा कधी न ऐकलेला असा एक कोरडा आवाज काढून म्हणाली, "भाऊजी, तुमी ऱ्हाऊ द्या. मी सांगते."

तिनं जे सांगितलं ते एकोणऐंशी सालचं होतं. सुकेशनी तेव्हा सहा वर्षांची. अश्वजित सात महिन्यांचा असताना बाबा सुट्टी संपवून परत गेले होते, आणि त्यानंतर बावीस महिने आले नव्हते. दोन वेळा सुट्टी मंजूर झाली आणि दोन्ही वेळा रद्द झाली. पत्र यायचं, ते चंद्रभान वाचून दाखवायचे. घरात सासूसासरे होते, खायला कमी नव्हतं, कुणी छळत नव्हतं. एका दुपारी चंद्रभान शेतातून आले. अश्वजित दुडुदुडु पळत गेला, त्यांच्या पायाला मिठी मारली आणि त्यांना बाबा म्हणाला.

सगळे हसले. सासू म्हणाली, लेकरू हाये. चंद्रभाननं त्याला उचलून घेतलं. लिलाबाई चुलीपुढे होती. तिलाही आधी हसूच आलं. मग रोजच तो म्हणायला लागला. ती त्याला बाबांचा फोटो दाखवून सांगायची, हे बाबा. तो फोटोकडे बघायचा, मान हलवायचा आणि काकाकडे पळायचा. आठवडाभर तिनं हे बघितलं. आठवड्यानं तिच्यानं जेवण गिळवेना. मग एक दिवस सासूला दवाखान्याचं कारण सांगून ती चंद्रभानला घेऊन मंगरूळपीरला गेली आणि पोस्टात तार केली. तिला लिहिता येत नव्हतं. फॉर्म चंद्रभाननं भरला. फादर सीरियस, कम सून.

"सासरे तं इकडे खाटेवर बसून तुरीचं बी निवडून राह्यले होते," लिलाबाई म्हणाली. "म्या जितेजागते असताना त्यायले मरनाच्या दारात नेऊन ठुलं."

काका म्हणाले की तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. पोरगं आपल्याला बाबा म्हणतं, याचं त्यांनाच चोरी केल्यासारखं वाटत होतं. वहिनी म्हणाली तसं त्यांनी लिहिलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी दादा आला. खांद्यावर होल्डॉल, दाढी वाढलेली. अंगणात बाप भाकर खात बसलेला. दादा त्याच्या पाया पडला. बापानं विचारलं, तू कसा काय आला. दादा म्हणाला, तुमची याद आली. बास. तारेचा शब्द त्यानं काढला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. महिनाभर राहिला. रोज पोराला खांद्यावर बसवून गावभर फिरायचा. नवव्या दिवशी पोरगं त्याला बाबा म्हणालं.

पुढे जवळपास वर्षानं गावी आलेल्या एका जवानाकडून काकांना कळलं की त्या वेळेला दादाच्या प्रमोशनचा कोर्स सुरू झाला होता. सहा आठवड्यांचा. तो पुरा झाला असता तर तो हवालदार झाला असता. तार आली म्हणून अर्धवट सोडून निघाला. काकांनी वहिनीला सांगितलं, आणि दोघांनी मिळून ते गिळून टाकलं.

"हवालदार झाला असता, मंग नायब सुभेदार, मंग सुभेदार," काका म्हणाले. "माह्या हातानं म्या त्याचं रोखलं होतं. मंग म्या एकदमच देऊन टाकलं."

सुकेशनीनं भावाकडे बघितलं. अश्वजित उंबऱ्याला टेकून उभा होता, आणि सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा तो माणूस कधी मायकडे, कधी काकाकडे बघत होता, जणू दोघांनाही आज पहिल्यांदाच बघतोय. ज्या एका शब्दावर त्यानं शाळेतली पाच वर्षं काढली होती, तो शब्द त्याच्याच एका शब्दामुळे घरात आलेला होता.

लिलाबाई मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. ती गोविंदसिंगांकडे वळली होती. "सेहेचाळीस वर्सं झाले," ती म्हणाली. "त्यायनं मले वाचाले शिकवलं. सही शिकवली. रोज मनात ये, सांगून टाकावं. जीभ रेटली नाही. 'मले फसवलं' म्हनून तरी बोलाले पायजे होतं त्यायनं. बोललेच नाही. आता गेले."

गोविंदसिंगांनी चष्मा काढून हातात घेतला होता. ते म्हणाले, "भाभी, त्याले मालूम होतं."

लिलाबाईला नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

त्यांनी सांगितलं की कोर्सचा तिसरा दिवस होता. दुपारच्या जेवणाच्या रांगेत ग्यानबाला तार मिळाली. त्याच्या आदल्याच दिवशी त्याला गावाहून पत्र आलेलं होतं. बापानं सांगून लिहवून घेतलेलं, की मी पायी मंगरूळपीरच्या बाजाराला जाऊन आलो, तब्येत चांगली आहे, येताना एक घोंगडी आण. ग्यानबानं ते पत्र गोविंदसिंगांना वाचून दाखवलं होतं. आता त्यानं तार त्या पत्राच्या बाजूला ठेवली आणि दोन्ही बघत बसला. सुभेदार मेजर मोठा अनुभवी माणूस. त्याच्या हाताखालून अशा शेकडो तारा गेल्या होत्या. तो ग्यानबाला म्हणाला, या तारा दहातल्या नऊ खोट्या असतात. तुझी तर उघडच खोटी दिसते. कोर्स पुरा कर, फीत लाव, आणि मग महिनाभर सुट्टीवर जा. गोविंदसिंगही तेच म्हणाले. त्या रांगेतले सगळे तेच म्हणाले.

"तवा तो काय म्हनला, ते मी आजपर्यंत इसरलो नाही," गोविंदसिंग म्हणाले. "तो म्हने, साहेब, तार खरी असन तं बापाजवळ मानसं हायेत, डॉक्टर हाये. पन खोटी असन तं मले आजच निघाले पायजे. माह्या घरचं मानूस झूट बोलनारं नाही. त्याच्यावर झूट बोलाची पाळी आली, म्हंजे ते किती तकलीफमदी असन."

लिलाबाईनं तोंडाला पदर लावला. रडण्याचा आवाज आला नाही, नुसते खांदे हलत राहिले. सुकेशनी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

गोविंदसिंगांनी राहिलेलंही सांगितलं. पुढच्या वर्षी कोर्ससाठी ग्यानबाचं नाव पुन्हा आलं होतं. त्यानं स्वतःहून नकार दिला. त्या सुट्टीतच त्यानं ठरवून टाकलं होतं की पंधरा वर्षं भरली की घरी. एकाहत्तरला गोळीबारात जखमी जोडीदाराला पाठीवर घेऊन नाला ओलांडणारा माणूस, त्याला कुणी भित्रा म्हणू शकत नव्हतं. त्या जोडीदाराचं नाव गोविंदसिंग, हे त्यांनी शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं सांगितलं. "नाईक म्हनून गेला तो," ते म्हणाले. "आमच्यात त्याच्याहून मोठा कोनी नव्हता."

साडेदहा वाजून गेले होते. विहाराकडून माइक तपासल्याचा आवाज यायला लागला. चंद्रभानकाका अजून पाटीसमोर बसले होते. अश्वजितनं त्यांच्या जवळ उकिडवं बसून विचारलं की काका, काय करू सांगा. सुकेशनीला त्या क्षणी वाटलं की आपण काही बोलू नये, आणि ती बोललीही नाही. काका म्हणाले की चव्वेचाळीस वर्षं तोंडात बसलेला शब्द, तो असा काढून टाकायचा म्हणजे दादा पुन्हा मेल्यासारखा वाटेल. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

उत्तर लिलाबाईनं दिलं. तिनं चेहरा पुसला होता. "भाऊजी, तुमी जे देलं ते त्यायनं घेतलं, तुमच्यासाठी. आता त्यायचं जे होतं ते लिवू द्या. नाईक लिवा. काहून नाईक राह्यले ते मले आज समजलं."

काकांनी मान डोलावली. पौर्णिमा दारात उभी होती. तिनंच पुढे होऊन पाटीवर गोणपाट टाकलं. अश्वजितनं कारागिराला फोन लावला आणि नव्या पाटीचं सांगितलं. या वेळी मजकूर त्यानं बहिणीच्या हातात फोन देऊन तिलाच सांगायला लावला.

अकराला भंते आले. त्रिशरण पंचशील झालं, सुत्तपठण झालं, कालकथितांना पुण्यानुमोदन झालं. मग भाषणं सुरू झाली. सरपंच बोलले, त्यांनी पहिल्याच वाक्यात 'आपले सुभेदारसाहेब' म्हटलं. भरतीची तयारी करणारी एक मुलगी बोलली, तिनंही तेच म्हटलं. सुकेशनी बायकांच्या बाजूला मायजवळ बसली होती, आणि प्रत्येक वेळी तो शब्द आला की तिला आता राग येत नव्हता. तिला सव्वीस वर्षांचे काका पारावर उभे राहून तो शब्द पेरताना दिसत होते.

शेवटी अश्वजित उठला. त्यानं लिहून आणलेला कागद खिशातून काढला, बघितला आणि परत ठेवून दिला. तो म्हणाला की माझे वडील सुभेदार नव्हते, नाईक होते. मांडवात थोडी कुजबुज झाली. तो म्हणाला की त्यांना पुढे जायची संधी होती, पण घरून हाक आली आणि ते आले. हाक कुणी मारली, कशी मारली, हे त्यानं सांगितलं नाही. मग तो थोडा थांबला, आणि सुकेशनीला वाटलं की आता बसतो. तो बसला नाही.

"ते नंतर शाळेत शिपाई झाले," तो म्हणाला. "मी त्याच शाळेत होतो. मी दुसऱ्या पोराईले सांगत नव्हतो, हे माहे बाबा हायेत म्हनून. शिट्टी, घंटा, झाडू, सारं त्यायनं एकाच हातानं केलं अन् एकसारखंच केलं. मले आज समजून राह्यलं. नाईक ग्यानबा मनवर यायचा मी पोरगा हाये."

तो खाली बसला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी ती जागाही नव्हती. चंद्रभानकाका पुढच्या रांगेत होते. त्यांनी हात लांब करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथंच राहू दिला.

जेवणं दोनपर्यंत चालली. वरणभात, आलू-वांगं, पोळ्या आणि बुंदी. माणसं पांगली, मांडवातल्या सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. गोविंदसिंगांना तीनची कारंजाची गाडी पकडायची होती. अश्वजित त्यांना मंगरूळपीरच्या स्टँडवर सोडणार होता. त्यानं गाडी वळवून दारात आणली आणि चालू ठेवली. गोविंदसिंग पायरीवर बसून बुटांचे लेस बांधायला लागले.

लिलाबाई आतून चहाचा कप घेऊन आली. सकाळपासून ती जागची फारशी हलली नव्हती, आणि चहा तिनं कुणालाही न सांगता स्वतः केला होता. तिनं कप त्यांच्याजवळ ठेवला आणि शेजारी खाली बसली.

"भाऊ," ती म्हणाली, "त्यायनं त्या साहेबाले काय म्हटलं होतं? अजून एकडाव सांगा ना."

गोविंदसिंगांनी घड्याळाकडे बघितलं. मग अश्वजितकडे बघितलं. अश्वजितनं हात आत घालून गाडी बंद केली, म्हणाला की चार वाजता दुसरी आहे, आणि तोही येऊन पायरीवर बसला. सुकेशनी दारातच थांबली होती. आतून पौर्णिमा हात पुसत आली, काका आले.

गोविंदसिंगांनी लेस तसेच सोडले. "जेवनाची लाइन लागली होती," ते म्हणाले. "ग्यानबा माह्या पुढं होता."